आमच्याकडे तर उघडतंय!

आरमोरीत कुणी "नदीपलीकडे" म्हणाले की ऐकणारा ब्रह्मपुरीची बाजू समजतो. वैनगंगेचा पूल ओलांडून ब्रह्मपुरीत गेलात की तिथल्या माणसाचे "नदीपलीकडे" म्हणजे आरमोरी. शब्द तोच, नदीही तीच, पण बोलणारा कुठे उभा आहे हे कळल्याशिवाय अर्थ लागत नाही. यात कुणाला काही अवघड वाटत नाही, शाळेचे तोंड न पाहिलेल्या म्हातारीलाही नाही. हीच गोष्ट संगणकाच्या पडद्यावर आली की मात्र शिकल्यासवरलेल्या, चांगला पगार घेणाऱ्या मंडळींची दांडी उडते, आणि भुर्दंड पडतो तो तालुक्याच्या गावापासून वीस किलोमीटर आत राहणाऱ्या माणसाला. आज मला या मंडळींशीच भांडायचे आहे.

विषय रुक्ष आहे, आधीच सांगून ठेवतो. सजवलेला मजकूर, म्हणजे मथळे, ठळक शब्द, तक्ते, चित्रे आणि दुवे असलेला मजकूर, संकेतस्थळावर नीट दाखवणे. आणि त्यातले 'सापेक्ष' दुवे बरोबर जागी नेऊन पोचवणे. बस्स, एवढेच. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी इथूनच परत फिरावे, राग नाही.

सापेक्ष दुवा म्हणजे संगणकाचे "नदीपलीकडे". त्यात पूर्ण पत्ता नसतो. 'नकाशा' एवढेच लिहिलेले असते, किंवा 'एक पायरी वर जा आणि मग नकाशा'. न्याहाळक, म्हणजे ब्राउझर, आपण आत्ता ज्या पानावर उभे आहोत त्याचा पत्ता घेतो, त्याचा शेवटचा तुकडा काढून टाकतो आणि तिथे 'नकाशा' चिकटवतो. पान '/सूचना/वनहक्क/यादी' असेल तर दुवा जातो '/सूचना/वनहक्क/नकाशा' इथे. पण पानाच्या पत्त्याच्या शेवटी एक तिरपी रेघ जास्त असेल, म्हणजे '/सूचना/वनहक्क/यादी/' असे असेल, तर तोच दुवा '/सूचना/वनहक्क/यादी/नकाशा' इथे जातो. एका रेघेने गाव बदलले! हे नियम काही गुपित नाहीत. आरएफसी १८०८ या दस्तऐवजात ते जून १९९५ मध्ये लिहिले गेले, आणि जानेवारी २००५ च्या आरएफसी ३९८६ मध्ये पुन्हा नेटके करून मांडले गेले. दोन ठिपके म्हणजे एक पायरी वर, सुरुवातीला तिरपी रेघ म्हणजे थेट मुळापासून, नुसती प्रश्नखूण असेल तर काय, नुसता '#' असेल तर काय, सगळे उदाहरणांसकट दिलेले आहे. चहा पिता पिता वाचून होते.

मग घोटाळा कुठे होतो? घोटाळा होतो कारण आजच्या वेब-ॲप्लिकेशनमध्ये मजकूर एका जागी लिहिला जातो आणि दहा जागी दिसतो. कारकून सूचना लिहितो ती संपादनाच्या पानावर. ती दिसते मुखपृष्ठावरच्या ताज्या यादीत, तिच्या स्वतःच्या पानावर, छपाईच्या पानावर, मोबाइलच्या ॲपमध्ये आणि ईमेलमध्ये. प्रत्येक पानाचा पत्ता वेगळा. त्यामुळे 'नकाशा' हा दुवा प्रत्येक ठिकाणी वेगवेगळ्या गावाला जातो, आणि ईमेलमध्ये तर कुठेच जात नाही, कारण तिथे उभे राहायला जमीनच नाही. लिहिणाऱ्याच्या मनातली नदी एक आणि वाचणाऱ्याच्या पायाखालचा काठ दुसरा.

यावर उपाय काय, ते शेवटी सांगतो. आधी हे सगळे कुणाला आणि कसे भोवते ते पाहू.

गडचिरोली जिल्हा सामूहिक वनहक्कांच्या बाबतीत देशात पुढे आहे, हे बहुतेकांनी वाचलेले असते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला त्याच्या बातम्या आल्या, लेख आले. पण त्या बातम्यांच्या मागे कागद असतात: दावा, सीमांचा नकाशा, पंचनामा, ठराव, हरकती, निर्णय. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे उपविभागीय समितीचा निर्णय पटला नाही तर जिल्हा समितीकडे दाद मागायला ६० दिवस मिळतात. ते निर्णयाच्या तारखेपासून मोजायचे. दुवा चालू झाल्याच्या तारखेपासून नव्हे.

आरमोरीच्या आतल्या बाजूच्या एका गावातले ग्रामसभेचे काम पाहणारे एक भाऊ मला ओळखतात. (संगणकाचे काम करतो म्हटल्यावर गावात माणसाकडे पंख्यापासून पंपापर्यंत सगळे दुरुस्तीला येते.) त्यांनी मोबाइल पुढे केला. एका कार्यालयाच्या संकेतस्थळावरची सूचना होती, नाव घेत नाही. भाऊ म्हणाले, "नकाशा त दिसूनच नाही राह्यला जी." सूचनेत एक चित्र आणि तीन दुवे होते. चित्राचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होत होता, म्हणजे त्या कार्यालयाच्या चार भिंतींच्या आतल्या यंत्राचा, जो बाहेरच्या जगाला दिसणे शक्यच नाही. पहिला दुवा चक्क कुणाच्या तरी संगणकाच्या 'सी' ड्राइव्हमधल्या फाइलीचा. वर्डमधून मजकूर उचलून चिकटवला की असे पाहुणे सोबत येतात. दुसरा दुवा सापेक्ष होता. तो सूचनेच्या पानावर चालायचा, पण भाऊंच्या मोबाइलवर सूचना उघडली होती यादीतून, तिथे तो भलतीकडे जायचा. तिसरा तेवढा चालत होता, आणि तो होता मुखपृष्ठाचा.

मी फोन केला. पलीकडून उत्तर आले, "आमच्याकडे तर उघडतंय."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते ऐकले की डोके सणकते. अरे बाबा, तुझ्याकडे उघडणारच! चित्र तुझ्याच खोलीतल्या यंत्रावर आहे, फाइल तुझ्याच टेबलावर आहे. ब्रह्मपुरीत बसून "नदीपलीकडे आरमोरी आहे की, मला दिसतेय" म्हणण्यासारखे आहे हे. सूचना तुला वाचता यावी म्हणून लावलेली नसते.

असो. तर या रोगावर आपल्याकडे तीन गावठी औषधे चालतात, आणि तिन्ही रोगापेक्षा वाईट आहेत.

पहिले औषध: "सगळे दुवे पूर्ण पत्त्याने द्या, कटकट नको." वरवर शहाणपणाचे वाटते. पण पूर्ण पत्ते बदलतात. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला, त्या दिवशी आरमोरीतल्या प्रत्येक घराचा पूर्ण पत्ता चुकीचा ठरला, कारण त्यात 'जिल्हा चंद्रपूर' लिहिलेले होते. "पुलाच्या अलीकडचे घर" मात्र होते तिथेच राहिले. जालावर हेच होते, फक्त जास्त वेळा. जिल्ह्यांची संकेतस्थळे पूर्वी 'निक डॉट इन'च्या पत्त्यांवर असत, ती पुढे 'गव्ह डॉट इन'वर आली. 'एचटीटीपी'चे 'एचटीटीपीएस' झाले. मजकुराच्या पोटात हजारो ठिकाणी जुना पूर्ण पत्ता कोरून ठेवला असेल तर तो बदलणार कोण? टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच पत्ते बदलू नका म्हणून कळकळीने लिहिले होते. त्यांचे ज्या जगात कुणी ऐकले नाही, त्या जगात निदान मजकुराच्या आत तरी पत्ते गोठवू नयेत. आणि ते १९२.१६८ वाले चित्र आठवा. तो पूर्ण पत्ताच होता की!

दुसरे औषध: "स्कॅन करून पीडीएफ टाका." हे तर सर्वांचे लाडके. सही-शिक्क्यासकट दिसते, साहेब खूश. पण त्या पीडीएफमध्ये अक्षरे नसतातच, अक्षरांचा फोटो असतो. शोध घेता येत नाही, गावाचे नाव शोधायला चाळीस पाने नजरेखालून घालायची. अंध माणसाला वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर तिथे मुके होते. नऊ-दहा एमबीची फाइल, आणि जंगलातल्या गावात सिग्नल म्हणजे टेकडीवर चढून हात वर करायचा प्रकार. दुव्यांचा प्रश्न मात्र सुटतो, कारण दुवेच उरत नाहीत. डोकेदुखीवर डोके कापण्याचा उपाय.

तिसरे औषध जरा शिकलेल्या लोकांचे: "सजावट हवीच कशाला? खेड्यातल्या लोकांना साधा मजकूर पुरे." हे ऐकले की मला विशेष राग येतो. दावेदारांची यादी म्हणजे तक्ता असतो. नाव, गट क्रमांक, क्षेत्र. त्याच्या ओळी-रकाने काढून टाकले की कुणाचे क्षेत्र कुणाच्या नावापुढे ते कळत नाही. पुण्या-मुंबईच्या माणसाला बँकेचा तक्ता नीट हवा आणि आरमोरीच्या माणसाला त्याच्या जंगलाचा तक्ता सपाट चालेल, हा न्याय कुठला?

साधा मजकूरवाल्यांचा एक मुद्दा मात्र खरा आहे, तो मान्य केला पाहिजे. लोकांनी लिहिलेला सजवलेला मजकूर जसाच्या तसा दाखवणे धोक्याचे असते. ऑक्टोबर २००५ मध्ये मायस्पेसवर एका पोराने स्वतःच्या माहितीच्या पानात लपवलेला कोड वीस तासांच्या आत दहा लाखांहून जास्त खात्यांत पसरला होता. कुणाचे पैसे गेले नाहीत, पण संकेतस्थळ बंद ठेवावे लागले. म्हणून मजकूर गाळून घ्यावाच लागतो: कुठल्या खुणा चालतील याची यादी करायची, बाकी सगळे बाहेर. पण गाळणी वापरणे वेगळे आणि पाणीच बंद करणे वेगळे.

आता मराठीकडे वळतो, कारण खरी गंमत (म्हणजे संताप) इथे आहे. "युनिकोड आले, आता मराठीचे वेगळे काही करावे लागत नाही," असे सांगणारे लोक मला अजून भेटतात. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. तिच्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही असे म्हणणाऱ्याने मराठीत एक पान तरी करून पाहिलेले नसते.

मथळ्यांचेच घ्या. लांब सूचनेत प्रत्येक मथळ्याला एक आपोआप खूण दिली जाते, म्हणजे वरच्या अनुक्रमणिकेतून टिचकी मारली की थेट तिथे जाता यावे. ही खूण मथळ्यातल्या अक्षरांवरून बनते. 'अक्षर नाही' असे जे वाटेल ते सगळे गाळले जाते. जावास्क्रिप्टमध्ये 'शब्दातले अक्षर' म्हणून जो नेहमीचा नमुना वापरतात त्यात फक्त इंग्रजी अक्षरे, आकडे आणि अधोरेघ बसते. म्हणजे मराठी मथळा पूर्ण गायब, खूण रिकामी. पायथॉन जरा उदार आहे, ते क, ख, ग ला अक्षर मानते. पण काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त यांना मानत नाही! ही तक्रार २०११ सालीच नोंदवली गेली आहे. युनिकोडची स्वतःची शिफारस सांगते की या खुणा शब्दाचाच भाग धरा. पर्ल धरते, पायथॉन धरत नाही. पायथॉनवर उभ्या असलेल्या जँगोने २०१५ च्या १.९ आवृत्तीत अशा खुणांमध्ये युनिकोड चालवून घेण्याची सोय दिली, पण खाली नमुना तोच. परिणाम काय होतो पाहा. 'वैरागड किल्ला' चे होते 'वरगड-कलल'. 'वैनगंगा' ची 'वनगग'. 'आरमोरी' चे 'आरमर' होते आणि 'आरमार' चेही 'आरमर'च! 'दावेदार' आणि 'देवदार' दोघेही 'दवदर'. मोहफुलांच्या संकलनाची सूचना लिहिली आणि त्यात 'मोहफूल' असा मथळा दिला की त्याचा 'महफल' होतो, आणि 'महफिल' चाही तोच. मोहफूल आणि महफिल यांचा काही संबंध असेलही :-) पण तो पायथॉनने जोडायचे कारण नव्हते.

दुसरे, ठळक अक्षरे. मार्कडाउन नावाची साधी खुणांची पद्धत २००४ साली जॉन ग्रूबर यांनी आणली: शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारका दिल्या की तो ठळक होतो. छान, सोपी पद्धत, मलाही आवडते. पुढे २०१४ पासून कॉमनमार्क म्हणून तिचे काटेकोर नियम बनले. त्यातला एक नियम असा की शेवटच्या तारकांच्या आधी विरामचिन्ह असेल तर त्यांच्यानंतर मोकळी जागा किंवा दुसरे विरामचिन्ह आले पाहिजे, नाहीतर ठळकपणा संपत नाही. इंग्रजीत हे चालून जाते, कारण इंग्रजीत शब्द सुटा असतो. मराठीत प्रत्यय चिकटतो. 'आरमोरी' हा शब्द अवतरणात घातला, त्याच्या बाहेर तारका दिल्या आणि पुढे 'त' जोडला, की पडद्यावर ठळक शब्दाऐवजी नुसत्या तारका नाचताना दिसतात. कंसात साल लिहून, ते ठळक करून पुढे 'च्या' लावा, तेच. अधोरेघेने तिरपे करायला गेलात तर अवतरणाशिवायही हीच गत, कारण शब्दाच्या पोटात अधोरेघ चालत नाही आणि प्रत्यय लागला की यंत्राला ते शब्दाचे पोटच वाटते. जपानी आणि कोरियन लोक याच नियमाबद्दल ओरडत आहेत. आपण ओरडतही नाही; आपण तारका तशाच ठेवतो आणि वाचणारा समजतो की काहीतरी बिघडले आहे.

(तिरप्या अक्षरांबद्दल जाता जाता: देवनागरीला इटालिकची परंपराच नाही. न्याहाळक सरळ अक्षरे ढकलून वाकवतो आणि ती पडायला आलेल्या कुंपणासारखी दिसतात. मराठीत जोर द्यायला ठळक अक्षर आणि अवतरण पुरेसे आहे.)

दुव्याखालची रेघ हा आणखी एक छळ. इंग्रजी अक्षराच्या खाली फारसे काही नसते. आपल्या अक्षराच्या खाली उकार असतात, 'प्र'मधला र असतो, हलन्त असतो. स्वस्तातल्या फोनवर बारीक अक्षरात ती रेघ उकारावरून गेली की ऱ्हस्व की दीर्घ ते सोडाच, उकार आहे की नाही तेच कळत नाही. आणि दुव्यात बहुधा असते काय? माणसाचे किंवा गावाचे नाव.

आणि पत्ता वाक्यात लिहायची आपली सवय पाहा. संकेतस्थळाचा पत्ता लिहून त्याला लगेच 'वर' किंवा 'चे' जोडतो, 'नागपूरवर' लिहितो तसे. व्याकरणाच्या दृष्टीने अगदी योग्य. पण दुवा आपोआप ओळखणारे यंत्र मोकळी जागा येईपर्यंत सगळे पत्त्यातच धरते, 'वर' सुद्धा. टिचकी मारली की 'पान सापडले नाही'. शिवाय मराठी पत्ता उचलून दुसरीकडे चिकटवला की प्रत्येक खूण टक्क्याच्या चिन्हांत बदलते: देवनागरीची एक खूण म्हणजे तीन बाइट, एकेका बाइटला तीन अक्षरे. 'आरमोरी' या सहा खुणांचा शब्द ५४ अक्षरांचा होतो. व्हॉट्सॲपवर तो सापासारखा लांब पत्ता पाहून लोक त्याला व्हायरस समजतात आणि उघडत नाहीत. त्यांचे काय चुकले?

जुन्या फाँटचा विषय काढला तर रात्र पुरायची नाही, थोडक्यात सांगतो. कृतिदेव, शिवाजी, श्री-लिपी यांच्या जुन्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर आतून रोमन अक्षरांचा असतो. फाँट त्याला मराठी मुखवटा चढवतो. असा मजकूर कुणी वेबच्या रकान्यात चिकटवला की गाळणी आपले काम करते, फाँटची खूण काढून टाकते, आणि खाली उरतो रोमन कचरा. इथे सजावट म्हणजेच अर्थ होता. गाळणीचा दोष नाही. पण चिकटवतानाच ओळखून "हा जुना फाँट आहे, आधी युनिकोडमध्ये बदला" एवढे सांगणारे चार ओळींचे काम कुणी करत नाही.

बरे, उपाय. मजकूर लिहिला तसाच साठवायचा, त्यात पत्ते कोरायचे नाहीत. प्रत्येक सूचनेसोबत तिचा स्वतःचा 'पाया' साठवायचा: ही कुठल्या काठावर उभी राहून लिहिली आहे. दाखवताना आधी खुणांचे पानात रूपांतर करायचे, मग त्यातला प्रत्येक दुवा आणि प्रत्येक चित्र त्या पायावरून सोडवायचे, पानाच्या पत्त्यावरून नव्हे. यासाठी हाताने जुळवाजुळव करू नये, आरएफसी ३९८६ प्रमाणे चालणारी तयार साधने प्रत्येक भाषेत आहेत. सगळ्यात शेवटी गाळणी, आधी नाही, कारण दुवा सोडवल्यावर तो कुठल्या प्रकारचा निघतो ते तेव्हाच कळते. ईमेलला आणि छपाईला पूर्ण पत्ता लागतो, तो त्या क्षणी बनवायचा. काही हुशार लोक पानाच्या डोक्यावर 'बेस'ची खूण टाकून मोकळे होतात. पण एका पानाला अशी एकच खूण चालते, आणि यादीच्या पानावर दहा सूचना असतात. वर पानातल्या पानात उडी मारणारे '#'चे दुवेही त्या खुणेच्या मागे पळत दुसऱ्याच पानावर जातात. साठवतानाच १९२.१६८, लोकलहोस्ट आणि 'सी' ड्राइव्ह सापडले तर सूचना प्रसिद्ध होऊ द्यायची नाही. यातले काहीही अवघड नाही, आणि यासाठी मोठे बजेटही लागत नाही.

मग होत का नाही? कारण काम तपासणारा माणूस कार्यालयाच्याच वायफायवर, कार्यालयाच्याच संगणकावर, मुखपृष्ठ उघडून बघतो आणि बिल पास करतो. माझी मागणी साधी आहे. काम पूर्ण झाल्याचा दाखला देण्याआधी सही करणाऱ्या साहेबांनी वडसा स्टेशनच्या फलाटावर उभे राहून, स्वतःच्या नव्हे तर तिथल्या कुणाच्या तरी चार वर्षे जुन्या फोनवर, एक सूचना उघडावी. एकदा यादीतून, एकदा थेट पानावर, एकदा ईमेलमधून. सूचनेत एक नकाशा असावा, एक तक्ता असावा, अवतरणातल्या ठळक शब्दाला जोडलेला एक प्रत्यय असावा, आणि 'मोहफूल' व 'महफिल' असे दोन मथळे असावेत. अनुक्रमणिकेतल्या दोन्हींवर टिचकी मारावी आणि कुठे जाऊन पोचतो ते पाहावे. बिल नंतर.